नवा हॅरो घ्यावा की मागची गँग भरून घ्यावी?

प्रश्न: चांदवड तालुक्यात सात एकर शेती, ४५ एचपीचा ट्रॅक्टर आणि चौदा डिस्कचा (लोखंडी तव्यांचा) जुना माउंटेड हॅरो (मशागतीचं अवजार) आहे. मागच्या गँगच्या (एका शाफ्टवरच्या सात डिस्कचा संच) तीन डिस्क मधल्या भोकापासून तडकल्या, बेअरिंग तापतं, खडखड आवाज येतो. पुढच्या सात डिस्क दोन वर्षांपूर्वी बदलल्यात. गॅरेजवाला पूर्ण हॅरो भरून (झिजलेले भाग बदलून) द्यायचे ३४,००० रुपये सांगतो: १४ डिस्कचे १९,६००, हाउसिंगसह चार बेअरिंगचे ६,०००, एका शाफ्टचे ३,४००, मजुरी आणि रंगाचे ५,०००. डीलर नवा ९२,००० ला देतोय: जुन्याचे १२,००० वळते, १०,००० रोख, उरलेले ७०,००० तीन वर्षांत, १४ टक्क्यांनी, सहामाही हप्त्यात. वर्षाला ४० एकर भाड्याने करतो, डिझेल-ड्रायव्हर वजा जाता एकरी ४०० उरतात. हातात ६०,००० आहेत, पण ते उन्हाळ कांद्याच्या लागवडीचे. काय करावं?

उत्तर: नवा घेऊ नका, आणि ३४,००० ची दुरुस्तीही करू नका. फक्त मागची गँग भरून घ्या.

आधी नव्याचा हिशोब. ७०,००० वर सहा हप्ते, प्रत्येकी साधारण १४,७००. व्याजच १८,१०० च्या घरात जातं. रोख धरून खिशातून ९८,१०० जाणार आणि जुना हॅरोही जाणार. एकरी ४०० ने हे पैसे फिटायला २४५ एकर, म्हणजे सहा वर्षांहून जास्त. नव्या हॅरोला कुणी एकरामागे शंभर रुपये जास्त देत नाही, त्यामुळे कमाई तीच राहते. मला जास्त काळजी हप्त्याच्या तारखेची वाटते. भाव पडलेला असताना हप्ता आला, की चाळीतला कांदा मिळेल त्या भावात काढावा लागतो. तो तोटा कुठल्याच कोटेशनमध्ये दिसत नाही.

तरीही नवा घ्यायची वेळ आलीच, तर ९२,००० हा भाव कधीचा ते विचारा. मशागतीच्या अवजारांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला. भाव जुन्या दराचा असेल तर तोच हॅरो ८६,२५० ला बसायला हवा.

माझा सल्ला एका अटीवर उभा आहे: फ्रेम शाबूत हवी. हॅरो सपाट जागी ठेवा, फ्रेमचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. गँग जिथे फ्रेमला बोल्टने धरली आहे ती जागा तारेच्या ब्रशने लख्ख घासा. वेल्डिंगच्या कडेला केसासारखी तांबूस रेघ दिसली तर ती चीर आहे. एखादी चीर पट्टी लावून वेल्ड करता येते. पण कर्णांत ठळक फरक असेल, किंवा आधी जोडलेली जागा पुन्हा तडकली असेल, तर या हॅरोवर पैसा घालू नका.

आता मागची गँग. डिस्क कडेला न फुटता भोकापासून तडकली, याचा अर्थ बहुधा गँगचा नट ढिला होता. नट ढिला पडला की चौकोनी शाफ्टवर डिस्क आणि स्पूल (दोन डिस्कमध्ये अंतर ठेवणारा लोखंडी तुकडा) हलत राहतात, भोकाचे कोपरे गोल होतात, तिथूनच तडा जातो. त्याच हादऱ्याने सील जातं, माती आत शिरते आणि बेअरिंग तापायला लागतं. म्हणून तीनच डिस्क बदलून भागणार नाही. एका शाफ्टवरच्या सगळ्या डिस्क एकाच वेगाने फिरतात. झिजून लहान झालेली नव्या डिस्कच्या शेजारी घसटत राहते. सातही बदला. तडकलेली डिस्क वेल्ड करून घेऊ नका, उष्णतेने पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरतं आणि शेजारी पुन्हा तडा जातो.

हिशोब असा: सात डिस्क ९,८००, शाफ्ट ३,४००, दोन बेअरिंग ३,०००, एका गँगची मजुरी २,५०० पर्यंत. एकूण १८,७००. रंग नको. पुढची गँग जमिनीवरून उचलून हाताने वर-खाली हलवून बघा. खेळ जाणवला तर तिची दोन बेअरिंग घ्या, आणखी ३,०००. म्हणजे जास्तीत जास्त २१,७००, आणि ते ५४-५५ एकरांत वसूल.

माल आणायला जाताना जुनी डिस्क, एक स्पूल आणि बेअरिंग सोबत न्या. 'वीस इंची द्या' एवढं पुरत नाही. जाडी, खोली आणि चौकोनी भोकाचं माप, तिन्ही जुळायला हवं. झिजलेल्या डिस्कवरून मूळ व्यास कळत नाही, तो पुढच्या गँगवर मोजा. बेअरिंगचा नंबर रिंगवर कोरलेला असतो, तो लिहून घ्या, सीलही त्याच वेळी घ्या आणि पक्कं बिल मागा. शाफ्ट तयार मिळाला नाही तर नाशिकच्या सातपूर-अंबडकडे लेथवर करून घेता येतो, पण नमुना न्यायला हवा.

गँग खोलण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा. स्पूलचं एक तोंड फुगीर, एक खोलगट असतं. उलटा बसला तर नवी डिस्क पहिल्याच हंगामात मधून फुटते. नट पान्याला लांब पाइप लावून आवळा. दोन-तीन तास हॅरो चालवल्यावर पुन्हा आवळा आणि दुसऱ्या दिवशी परत, कारण डिस्क आणि स्पूल एकमेकांवर बसले की नट ढिला पडतोच. नटाचं लॉक शेवटी लावा.

पैसा कांद्याच्या ६०,००० तून काढू नका. किसान क्रेडिट कार्डाच्या मर्यादेत पीककर्जाच्या रकमेवर २० टक्के भाग शेती अवजारांच्या देखभाल-दुरुस्तीसाठी धरलेला असतो. तुमच्या मर्यादेत तो धरलाय का, हे शाखेत विचारा. तीन लाखांच्या आत व्याज ७ टक्के, वेळेत भरलं तर ४. म्हणजे १८,७०० वर वर्षाला साधारण ७५० रुपये. भाड्याचे पैसे आले की आधी हीच रक्कम भरा.

सोबत महाडीबीटीवर (राज्य सरकारचं अनुदानाच्या अर्जांचं पोर्टल) हॅरोसाठी अर्ज टाकून ठेवा. सात एकर म्हणजे तुम्ही अल्पभूधारकांत बसत नाही, त्यामुळे ४० टक्के अनुदान, तेही कमाल मर्यादेच्या आत. पत्नीच्या किंवा आईच्या नावावर सातबारा असेल तर अर्ज त्यांच्या नावाने करा, महिलांना ५० टक्के आहे. अनुदान खरेदीनंतर खात्यात येतं, तेव्हा पूर्ण रक्कम आधी उभी करावी लागेल. आणि कृषी विभागाच्या पूर्वसंमतीच्या आधीचं बिल चालत नाही. ती हातात येईपर्यंत डीलरला बयाणाही देऊ नका.