उजव्या हाताचा जोर आधी, लाकूड शेवटी

तुमचा प्रश्न मी असा वाचला: काही वर्षं लॅमिनेटच्या (थर चिकटवून केलेल्या लाकडाच्या) ड्रेडनॉटवर, म्हणजे मोठ्या पेटीच्या गिटारवर, हात बसलाय, आता एकच पण चांगली गिटार घ्यायची आहे. वाजवता बहुतेक बोटांच्या टोकांनी, नखं न वाढवता. सोबत स्वतः गाता, आणि चार मित्र जमले की थोडं स्ट्रमिंग (सगळ्या तारांवर एकदम हात फिरवणं). आवाज उबदार, गोल, जरा गडद हवा. त्यात एक जण रोझवूड घ्या म्हणतो, दुसरा महोगनी, आणि तिसऱ्याच्या मते सीडरचा टॉप (पुढची फळी) नसेल तर बोटांनी वाजवण्यात मजाच नाही.

तिघांनीही लाकडापासून सुरुवात केली. मी ते शेवटाकडे ढकलतो. आधी तुमचा उजवा हात किती जोरात पडतो ते बघायचं, मग बॉडीचा आकार, मग टॉप, आणि पाठीचं लाकूड वेळ उरला तर.

जोर आधी का? गिटारचा टॉप म्हणजे अडीच-तीन मिलिमीटर जाडीची फळी. १२ गेजच्या (गेज म्हणजे तारांच्या जाडीचं माप) सहा तारा स्वरात लावल्या की त्यांची एकत्रित ओढ ७० किलोच्या वर जाते, आणि ती ओढ या फळीला आयुष्यभर सोसायची असते. शिवाय फळी थरथरली पाहिजे, नाहीतर आवाजच नाही. बनवणारा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी थांबतो. टॉप पातळ आणि आतल्या पट्ट्या हलक्या ठेवल्या तर नुसत्या बोटाच्या स्पर्शाला आवाज भरून येतो, पण जोर वाढवत गेलात की एका जागी तो वाढायचा थांबतो आणि चेपल्यासारखा होतो. दणकट बांधणीची गिटार याच्या उलट: पिकने कितीही हाणा, सुरांची घडी विस्कटत नाही, पण हलक्या हाताला ती दाद देत नाही. हे दोन्ही गुण एकाच वाद्यात पूर्ण मापाने मिळत नाहीत. नखांशिवाय, गात गात वाजवणाऱ्या माणसाचा हात हलका असतो, म्हणून तुम्ही पहिल्या जातीच्या गिटारी बघा. स्ट्रमिंगसाठी थोडी तडजोड करावी लागेल. ती त्या बाजूला होऊ दे, रोजच्या वाजवण्याच्या बाजूला नको.

आता आकार. ड्रेडनॉट मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये ऑलिव्हर डिट्सन या दुसऱ्या कंपनीसाठी बनवली. नाव त्या काळच्या प्रसिद्ध ब्रिटिश युद्धनौकेवरून घेतलं. मार्टिनने ती स्वतःच्या नावाने बाजारात आणली १९३१ मध्ये. रुंद कंबर, खोल पेटी, खालचा भाग साडेपंधरा इंचांहून थोडा जास्त. एवढ्या पेटीत कोंडलेल्या हवेचा स्वतःचा एक घुमार असतो, साधारण १०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे सहाव्या, सर्वांत जाड तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीचा) जी आणि पाचवी मोकळी तार जिथे बोलतात तिथे. स्ट्रमिंगमध्ये हाच घुमार गाण्याला खालून उचलून धरतो. बोटांनी वाजवताना मात्र अंगठ्याचा प्रत्येक स्वर फुगून येतो आणि वरच्या तारांवरची चाल त्याखाली दबते. ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीतातले गिटारवादक टोनी राइस यांच्याकडची १९३५ ची डी-२८ ही मार्टिनची ड्रेडनॉट आठवा. ती आधी गिटारवादक क्लॅरेन्स व्हाइट यांची होती आणि तिचं साउंडहोल (टॉपवरचं गोल भोक) कोरून मोठं केलेलं होतं. भोक मोठं झालं की हवेचा घुमार वरच्या स्वराकडे सरकतो, खर्जाची गर्जना कमी होते आणि एकेक स्वर सुटा ऐकू येतो. एका ड्रेडनॉटवर एकेका स्वराचा असा सोलो वाजवता येतो यामागे त्या भोकाचा वाटा मोठा आहे. (कृपया हा प्रयोग घरी करू नका.)

इथे एक गोंधळ सोडवून घेऊ. तुम्ही 'उबदार' म्हणता तेव्हा सल्ला देणाऱ्याला 'बेस जास्त' ऐकू येतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधले स्वर भरीव आणि वरचे बोचरे नाहीत, असा आवाज आपल्याला उबदार वाटतो. त्यात खर्ज मोजकाच असला तरी चालतं, उलट गाणाऱ्याला ते सोयीचं पडतं, कारण तुमचा गळा जिथे असतो तिथे गिटारने गर्दी करायची नसते.

म्हणून माझा कौल ट्रिपल-ओ किंवा ओएम आकाराला. दोन्हींची पेटी जवळपास सारखीच: खालचा भाग १५ इंच, कंबर बारीक, खोली ड्रेडनॉटपेक्षा कमी. ओएमची गोष्ट १९२९ ची. पेरी बेक्टेल नावाचे बँजोवादक होते, त्यांना बॉडीच्या बाहेर जास्त फ्रेट मोकळे हवे होते, त्यातून १४ फ्रेटची ही रचना आली. आज या दोन आकारांतला मुख्य फरक स्केलचा: ओएमची तार नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंत (पेटीवर तारा टेकतात ती पट्टी) २५.४ इंच, ट्रिपल-ओची बहुधा २४.९. अर्धा इंच म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण तीच तार त्याच स्वरात लावायची तर ताण लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणजे इथे जवळजवळ ४ टक्के कमी. डाव्या हाताला तार मऊ लागते, बेंड (तार ओढून स्वर चढवणं) सोपा जातो आणि आवाजाची धारही थोडी बोथट होते. तुम्हाला तेच हवंय, तेव्हा लहान स्केल मिळालं तर घ्या.

याहून लहान पार्लर, किंवा १२ फ्रेटची बॉडी, हीसुद्धा तुमच्या वर्णनात बसते. बारा फ्रेटच्या गिटारीत ब्रिज (पेटीवर तारा अडकवलेला लाकडी तुकडा) मागे सरकून पेटीच्या रुंद भागाच्या मधोमध येतो, टॉप तिथे सर्वांत मोकळेपणी हलतो, आणि आवाज आकाराच्या मानाने चकित करण्याइतका गोल निघतो. मित्रांच्या घोळक्यात मात्र ती हरवते. जंबोचा, म्हणजे आणखी मोठ्या पेटीचा, विचार सोडून द्या.

गिब्सनची जे-४५ आणि तिच्या वळणाच्या उतरत्या खांद्यांच्या गिटारी (मूळ रचना १९४२ ची, स्केल पावणेपंचवीस इंच) गाणाऱ्यांच्या आवडत्या आहेत. आवाज कोरडा आणि नेटका, आस (स्वराचं मागे रेंगाळणं) फार लांबत नाही. त्यामुळे शब्दांना जागा मिळते. तुमचं स्ट्रमिंग निम्म्याच्या वर असतं तर मी हीच सुचवली असती.

टॉप. यात हयगय नको: टॉप सॉलिडच हवा. दुकानात ओळखायची खूण सोपी आहे. साउंडहोलच्या कडेला तिरकं बघा. वरच्या पृष्ठभागावरच्या रेषा तशाच कडेवरून वळून खाली उतरताना दिसल्या तर लाकूड एकसंध. कडेवर सँडविचसारखे आडवे थर दिसले, किंवा रेषा कडेशी येऊन अचानक तुटल्या, तर लॅमिनेट. काही कंपन्या ही कड काळ्या रंगाने किंवा पट्टीने झाकतात, अशा वेळी आतून छोटा आरसा धरून खालची बाजू बघायची. पाठ आणि बाजू लॅमिनेट असल्या तर मी नाक मुरडणार नाही, उलट हवेतल्या दमटपणाच्या चढउतारात त्या जास्त टिकून राहतात.

सीडर की स्प्रूस? सीडर हलकं आणि मऊ. पहिल्या स्पर्शाला आवाज देतं, आणि तो आवाज गडदच असतो. पण वर सांगितलेली चेपण्याची मर्यादा त्यात लवकर येते, आणि नख लागलं तरी व्रण उठतो. सिटका स्प्रूसचा आवाका मोठा, पण मऊ हाताला ते जरा अलिप्त वाटतं. एंगलमन स्प्रूस दोन्हींच्या मध्ये बसतं. तिसऱ्या सल्लागाराचं म्हणणं तुमच्या बाबतीत अर्धं खरं आहे, कारण एक गोष्ट त्याने धरलेली नाही. नखाऐवजी बोटाच्या मांसल टोकाने तार छेडली की तारेशी संपर्क रुंद आणि मऊ होतो, आणि वरचे हार्मोनिक (मूळ स्वरासोबत उठणारे बारीक वरचे स्वर) जन्मतःच कमी होतात. तुमच्या हाताचा आवाज मुळात गडद आहे. गडद हात, गडद टॉप आणि त्यावर जुन्या तारा असं जुळलं की उबदारपणाचा गाळ होतो आणि स्वर सुटे कळेनासे होतात. रेकॉर्डिंगमध्ये ऐकलेला जो गोल आवाज तुमच्या मनात आहे, तो बऱ्याचदा नखांनी, ताज्या तारांवर वाजवलेला असतो. म्हणून मनातल्या आवाजापेक्षा गिटार एक पायरी स्पष्टच निवडा. एंगलमन, किंवा हलक्या बांधणीचं सिटका. सीडर फक्त तेव्हा, जेव्हा स्ट्रमिंग अगदी नावापुरतं आहे आणि प्रत्यक्ष वाजवून स्वर स्पष्ट कळतायत.

नखं की मांस हा वाद फार जुना आहे, बरं का. एकोणिसाव्या शतकातल्या स्पॅनिश गिटारवादकांत फर्नांडो सोर मांसाच्या बाजूचे आणि त्यांचे मित्र दिओनिसिओ अग्वादो नखांच्या. पुढे फ्रान्सिस्को तार्रेगा यांनीही आयुष्याच्या उत्तरार्धात नखं सोडली. अर्थात हे तिघेही आतड्याच्या तारांवर वाजवत. म्हणून एकदा नायलॉन तारांची गिटारही हातात घेऊन बघा असं सुचवतो. तिथे नट ५२ मिलिमीटरचा आणि फ्रेटबोर्ड सपाट, त्यामुळे बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायचे) सुरुवातीला छळतात. पण तुमच्या वर्णनातला आवाज कुठल्याही स्टीलच्या तारेपेक्षा तिथे लवकर सापडेल. फक्त तिच्यावर स्टीलच्या तारा चढवायचा मोह नको, तो ताण झेलण्यासाठी ती बांधलेलीच नसते.

आता पाठीचं लाकूड, ज्यावर सगळ्यात जास्त शाई खर्च होते. आंतोनिओ दे तोर्रेस या स्पॅनिश कारागिराने १८६२ मध्ये पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या, टॉप तेवढा लाकडी ठेवला. आवाजाचं काम टॉप करतो हे त्याला दाखवायचं होतं. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एकाच साच्याच्या सहा गिटारी घेतल्या, फरक फक्त पाठी-बाजूंच्या लाकडाचा. बावन्न वादकांनी त्या मंद उजेडात, वेल्डिंगचे काळे चष्मे लावून वाजवल्या. गुण जवळपास सारखे पडले. मग रोझवूड आणि महोगनीचा फरक दुकानात ऐकू येतो तो भास का? पूर्ण भास नसेल, पण तिथे दोन मॉडेलांमध्ये ब्रेसिंग (आतल्या पट्ट्या) वेगळं, टॉपची जाडी वेगळी, तारांचं वय वेगळं, आणि श्रेय सगळं लाकडाला. दोन गिटारी सर्व बाबतींत तुल्यबळ वाटल्या तर तुम्ही महोगनी घ्या, गाण्याखाली ती कमी पसरते असं माझ्या कानाला वाटतं. त्यापलीकडे या मुद्द्यावर झोप घालवू नका.

नटच्या रुंदीबद्दल कुणीच बोललं नाही, आणि तुमच्या हाताला ती रोज जाणवणार. सर्वसाधारण मापं दोन: ४३ आणि ४४.५ मिलिमीटर. रुंद नटच्या गिटारीत सॅडलपाशीही तारा सहसा थोड्या जास्त अंतरावर असतात. नखाला बारीक फट पुरते, मांसल टोकाला नाही. ४४.५ च घ्या. हात अगदी लहान असेल तर गोष्ट वेगळी.

वाजवून बघताना आधी तारा विचारा: गेज कोणता, कधी बदलल्या. मग तिसरी तार मोकळी, ऐकू येईल न येईल इतकी हलकी छेडा आणि आस कुठवर जाते ते ऐका. मग दुप्पट जोर, मग चौपट. आवाज कुठल्या टप्प्यावर वाढायचा थांबला तो लक्षात ठेवा. तुमचं स्ट्रमिंग त्या टप्प्याच्या अलीकडे असलं पाहिजे. मग गा, तिथेच, लाज सोडून, नेहमीच्या पट्टीत, कॅपो (पट्टी चढवायला मानेवर लावायचा चिमटा) लागत असेल तर लावून. आणि एकदा दुसऱ्या कुणाच्या हातात गिटार देऊन समोर सहा-सात फुटांवर उभे राहा. वाजवणारा टॉपच्या मागे बसलेला असतो, ऐकणाऱ्याला पोहोचणारा आवाज त्याला पूर्ण कळतच नाही. ॲक्शन (तारांची फ्रेटवरची उंची) जास्त वाटली म्हणून गिटार नाकारू नका. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि पहिलीखाली दोनच्या आत आणणं हे सेटअपचं काम आहे. मात्र सॅडल आधीच घासून संपत आलेलं असेल आणि ॲक्शन तरी उंच असेल, तर मानेचा कोन बिघडलाय. ती ठेवून द्या.

हे सगळं करण्याआधी एक स्वस्त काम. तुमच्या आत्ताच्या ड्रेडनॉटवरच्या तारा काढून फॉस्फर ब्राँझचा ११ गेजचा संच चढवा. ८०/२० ब्राँझपेक्षा त्याचा आवाज कमी चमकतो. उजवा हात साउंडहोलवरून मानेच्या दिशेने दीड-दोन इंच सरकवा आणि आठवडाभर तसंच वाजवा. ब्रिजपासून लांब छेडलेल्या तारेत वरचे हार्मोनिक आपोआप कमी होतात. आवाज त्यातच हवा तसा झाला तर घाई संपली. खर्ज तरीही फुगत राहिला तर पेटी लहान करा. बोटाला तारा कडक लागल्या तर स्केल लहान करा. नुसता निर्जीवपणा जाणवला तर अडचण लॅमिनेट टॉपची आहे, आणि मग आकार तोच ठेवून सॉलिड टॉपची ड्रेडनॉटसुद्धा ऐकायला हरकत नाही. आठवड्यानंतर यातलं काय जाणवलं ते इथे लिहा, आणि आत्ताच्या गिटारचा नट मोजून तेही कळवा. मग नेमक्या मॉडेलांवर बोलू.