भट्टीपासून मनोऱ्यापर्यंत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मडक्याची भट्टी आणि साखर कारखान्यातला डिस्टिलरीचा उंच मनोरा, दोन्हीकडे गाळतात दारूच. मग फरक काय? (एक वाचक, कसबा बावडा)

वाफ धरून थंड करायची, तत्त्व एकच. पण मडकं एकदा गाळून झालं की उरलेलं ओतून द्यायचं, नव्यानं भरायचं. 1830 मध्ये आयर्लंडच्या इनियस कॉफी यांनी दोन स्तंभांच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यात आंबलेलं रसायन वरून उतरतं, वाफ खालून चढते आणि मधल्या भोकाभोकांच्या प्लेटांवर दोघांची गाठ पडते. दर प्लेटवर वाफेतलं मद्यार्क वाढत जातं. काम दिवसरात्र चालू राहतं आणि नव्वद टक्क्यांहून जास्त मद्यार्काची धार निघते. कॉफी मूळचे अबकारी, म्हणजे दारूवरचा कर वसूल करणारे, अधिकारी, हे ध्यानात ठेवा.

प्रश्न : इंग्रजांनी आपल्याकडे मोठ्या डिस्टिलऱ्या आणल्या त्या चांगल्या दारूसाठी का? (शाहूपुरी)

नाही, महसुलासाठी. रानात शंभर चुली पेटल्या तर शिपाई कुठं कुठं बसवणार? 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर इलाख्यात गावोगावचं गाळप बंद पाडून ते मोजक्या ठिकाणी एकवटलं. उरणला मोहाच्या मोठ्या भट्ट्या होत्या. 1892 च्या कायद्यानं तर ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच बंधनं आणली. ही फुलं वाळवून, भाजून खाणाऱ्या घरांचं काय झालं असेल? पिढ्यान्‌पिढ्यांची कला एका कायद्यानं गुन्हा ठरली, याचं मला आजही वाईट वाटतं. या इतिहासात यंत्राइतकंच भट्टीवरचं सरकारी कुलूप आणि दारूचं मोजमाप महत्त्वाचं आहे.

प्रश्न : ‘प्रूफ’ म्हणजे नेमकं काय?

दारू किती कडक ते सांगणारं, कर लावायचं माप. काचेतून पाहिलं तर कडक स्पिरिट आणि पाणी सारखंच दिसतं. साइक्सचा हायड्रोमीटर (द्रवात तरंगून त्याची घनता दाखवणारं उपकरण) त्यात सोडला की तो स्पिरिटमध्ये जास्त बुडतो. ब्रिटिश मापात 100 प्रूफ म्हणजे सुमारे 57 टक्के मद्यार्क.

प्रश्न : कोल्हापूर गुळाचं गाव, मग डिस्टिलरीला मळीच का? (कागल)

गूळ हे खाणं आहे, त्याला बाजारात भाव आहे. मळी म्हणजे साखर काढून झाल्यावर उरणारा घट्ट काळा पाक; तिच्यात साखर जवळपास निम्मी असते, पण तिचे दाणे पडत नाहीत. साखरेचं मद्यार्क करणाऱ्या यीस्टला मात्र ती चालते. टनामागे साधारण अडीचशे लिटर मद्यार्क मिळतं. 1932 मध्ये साखरेला जकातीचं संरक्षण मिळालं, देशभर कारखाने वाढले, तशी मळीही वाढली.