विद्यार्थी-मदतनीसांना समुपदेशनाची कौशल्यं शिकवायची कशी? दोन दिवसांची कार्यशाळा पुरेल का?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजात ज्युनिअर-सीनिअर मिळून इतर विद्यार्थ्यांच्या अडचणी ऐकून घ्यायला वीसेक मुलं निवडली आहेत, हाताशी दोन दिवस, एक हॉल आणि प्रोजेक्टर आहे. मी मानसशास्त्र शिकवते, असे गट तयार करण्यात हातभार लावते, म्हणून स्पष्टच सांगते: प्रोजेक्टर राहू द्या. सहानुभूतीवरचं भाषण ऐकून कुणी नीट ऐकायला लागलंय, असं मी तरी पाहिलेलं नाही.

१९६०च्या दशकात अमेरिकेत ॲलन आयव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कौशल्य बारीक तुकड्यांत फोडलं. लक्ष देणं, खुला प्रश्न विचारणं, समोरच्याचं म्हणणं थोडक्यात परत मांडणं, भावना ओळखून बोलून दाखवणं. एका वेळी एकच तुकडा घ्यायचा. आधी नमुना बघायचा, मग पाच मिनिटं स्वतः करायचं, त्याचं रेकॉर्डिंग बघायचं आणि परत करायचं. आज त्याला मोबाइल पुरतो (सराव संपला की सगळ्यांसमोर रेकॉर्डिंग डिलीट करायचं, हे आधीच ठरवा).

तिघातिघांचे गट करा: एक बोलणारा, एक ऐकणारा, एक वही घेऊन बघणारा. बोलणाऱ्याने अडचण खरी आणावी, पण छोटी. मेस, प्रॅक्टिकलचे मार्क, रूममेट. मोठी दुःखं अभिनय करून मांडायला सांगितली की गॅदरिंगचं नाटक होतं.

आता बघा काय होतं ते. एक मुलगी म्हणते, "रूममेट माझ्याशी बोलतच नाही." मदतनीस लगेच, "मग तूच बोल ना आधी!" विषय खलास. तीच मदतनीस जर म्हणाली, "मग संध्याकाळी खोलीवर जायलाच नको वाटत असेल," तर पुढचं येतं: "हो ना, लायब्ररी बंद होईपर्यंत मी तिथेच बसते." सल्ला गिळणं हाच या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग. आपल्याकडे सल्ला न मागता मिळतो आणि न देणारा माणूस शिष्ट वाटतो. म्हणून पहिल्या दिवशी सल्ल्याला पूर्ण बंदी ठेवा. बघणाऱ्याने प्रत्येक सल्ल्याला वहीत फुली मारायची. फुल्या मोजताना मुलं स्वतःच हसतात, आणि तिथून शिकायला लागतात.

दुसऱ्या दिवशी वेगळाच आजार दिसेल. प्रत्येक वाक्य "म्हणजे तुला असं वाटतंय की..."ने सुरू! हीच गोष्ट कँटीनमध्ये कशी बोलशील, असं विचारा.

रेकॉर्डिंग बघताना चुका काढत बसू नका. मिशिगन स्टेट विद्यापीठातले नॉर्मन केगन यांची पद्धत मला जास्त पटते. टेप कुठे थांबवायची ते शिकणाराच ठरवतो, आणि आपण फक्त विचारायचं, "या क्षणी तुझ्या मनात काय चाललं होतं?" "शांतता झाली म्हणून मी घाबरलो आणि काहीतरी विचारलं," असं उत्तर आलं की तुम्हाला वेगळं शिकवावं लागत नाही.

दोन दिवसांतला अर्धा दिवस मात्र मर्यादांसाठी राखा. आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे सांगून भागत नाही. "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" हे वाक्य प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घ्या, पहिल्यांदा आवाज हमखास बसतो. "हो" आलं तर त्या मुलाला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी जबाबदार मोठ्या माणसापर्यंत न्यायचं, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा क्रमांक पाठ असला पाहिजे. "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीही द्यायचं नाही. तुमची अकरावी-बारावीची बरीच मुलं अठराच्या आतली असणार. त्यांच्यावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांपर्यंत पोहोचवणं बंधनकारक आहे. हे ओझं मदतनीसाने एकट्याने उचलायचं नसतं. कळल्या कळल्या कुणाकडे जायचं, त्या शिक्षकांचं नाव आणि फोन आधीच लिहून द्या.

तर, दोन दिवस सुरुवातीला चालतील, पण त्यापुढे दर आठवड्याला तासभर बैठक नसेल तर गट सुरूच करू नका. तिथे नावं न घेता प्रसंग मांडायचे, अडलं तिथे तिघांत पुन्हा करून बघायचं. ही बैठक प्रशिक्षित समुपदेशकाने घ्यावी. कॉलेजात नसेल तर बाहेरून बोलवा, बॅनर आणि टी-शर्टचे पैसे तिकडे वळवा.