सपर क्लब म्हणजे नक्की काय? घरी तिकीट लावून जेवायला बोलावतात तेच ना?

नाही. निदान मूळचा अर्थ तो नाही. याच विषयावर माझ्या मेहुण्याशी दोन दिवाळ्या वाद झालाय, म्हणून लिहितोय.

मी सहा वर्षं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात होतो. तिथे सपर क्लब म्हणजे गावाबाहेर, तळ्याकाठी नाहीतर हायवेला, एखाद्या कुटुंबाने चालवलेलं, फक्त संध्याकाळी उघडणारं रेस्टॉरंट. नावात क्लब, पण मेंबरशिप वगैरे काही नाही. दारूबंदी (1920 ते 1933) उठल्यावर यांचं पीक आलं. गंमत म्हणजे पहिल्या सपर क्लबचं श्रेय कॅलिफोर्नियातल्या बेव्हर्ली हिल्सला देतात, आणि तो काढणारा लॉरेन्स फ्रँक मात्र मूळचा विस्कॉन्सिनमधल्याच मिलवॉकी शहराचा.

आई-बाबा आले तेव्हा मुद्दाम शुक्रवारी नेलं, कारण शुक्रवारी फिश फ्राय. आधी बारवर बसायचं, ऑर्डर तिथेच द्यायची, टेबल लागलं की बोलावतात. मी ब्रँडी ओल्ड फॅशन्ड स्वीट मागवली. ग्लासात संत्र्याची फोड, चेरी आणि साखर चेचून वर ब्रँडी आणि सोडा, तोही गोड. अर्धा तास झाला तसे बाबा कुजबुजले, "आपण जेवायला आलोय ना रे?" मग टेबलावर रेलिश ट्रे आला: गाजर, सेलरी, मुळे, पातीचा कांदा, चीज स्प्रेड, क्रॅकर्स. बाबांना वाटलं हेच जेवण. पडलेल्या चेहऱ्याने त्यांनी मुळा उचलला आणि मीठ मागितलं.

नंतर तळलेला पर्च मासा आला आणि मालवणचा माणूस गप्प झाला. सोबत किसलेल्या बटाट्याचे पॅनकेक, त्यावर सफरचंदाचा गर. आई म्हणाली, "उपासाचं थालीपीठ आणि मुरंबा की रे हा!" निघेपर्यंत नऊ वाजून गेले. कोणी बिल पुढे सरकवलं नाही, कोणी उठवलं नाही.

आता मेहुणा. पुण्यात फ्लॅटमध्ये दहा जणांना बसवतो, माणशी साडेतीन हजार घेतो, अनोळखी लोकांसमोर वरणफळांचा 'इतिहास' सांगतो आणि वर मलाच ऐकवतो की "तुमचं ते नुसतं हॉटेल, खरा सपर क्लब माझा." अरे, पैसे घेऊन घरी जेवू घालणाऱ्याला आपल्याकडे खाणावळवाला म्हणतात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही! क्युबात 1990 च्या दशकात 'पालादार' म्हणजे घरगुती खाणावळींना परवानगी मिळाली ती 12 खुर्च्यांपुरती. म्हणजे तुझी कल्पनाही नवी नाही.

हां, एक मान्य करतो. 2009 च्या सुमारास लंडनमध्ये लोक असंच घरी जेवू घालायला लागले आणि त्यालाही सपर क्लबच म्हणू लागले. तेव्हा तुम्ही म्हणता तो अर्थही आज चालतो. हे मेहुण्याला सांगू नका.

विस्कॉन्सिनला गेलात तर शनिवारी प्राइम रिबसाठी (भाजलेल्या बीफसाठी) जा. शाकाहारी असाल तर मात्र रेलिश ट्रे हेच तुमचं जेवण, बाबांचा अंदाज तेवढ्यापुरता बरोबर होता.