पंधरा वर्षांच्या गाडीचे पासिंग: आधी काय पाहावे

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते आणि तपासणीत गाडी योग्य ठरल्यास ती 5 वर्षांसाठी वाढते; नमुना 25 मधील अर्ज मुदतीपूर्वीच्या 60 दिवसांत करता येतो, म्हणून शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. नवखे गाडीमालक बहुधा रंगकामावर खर्च करतात आणि चासी क्रमांक (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला ओळख क्रमांक) गंजाने वाचता येत नाही, हे त्यांना आरटीओच्या मैदानावर कळते. तो रॉकेल व मऊ कापडाने हलकेच स्वच्छ करा, पण पॉलिशपेपर मुळीच लावू नका, कारण अंक पुसट झाले तर प्रकरण फार लांबते.

शिवाय एवढे पाहा:

- ब्रेक व हँडब्रेक
- ब्रेकलाइटसह सर्व दिवे, हॉर्न, वायपर
- टायरची नक्षी
- विमा, पीयूसी, पर्यावरण कराची पावती

इंजिनाचे मोठे काम तूर्त काढू नका. धूर आटोक्यात असेल, तर आधी पासिंग करून घ्या.