जूनमध्ये मोआबला तीन दिवस, सोबत आई-बाबा आणि आठ वर्षांची मुलगी: आर्चेस आणि कॅनियनलँड्समध्ये काय काय करावं?

तुम्ही ठिकाणांची यादी मागितली आहे. बाबा सदुसष्ट वर्षांचे असून रोज चालतात, आईंचे गुडघे दुखतात, असंही लिहिलंय. मोआब हे अमेरिकेतल्या यूटा राज्यातलं गाव, आणि आर्चेस व कॅनियनलँड्स ही त्याच्या जवळची दोन राष्ट्रीय उद्यानं. पण यूटाच्या वाळवंटात जूनमध्ये कुठे जायचं यापेक्षा किती वाजता जायचं हे आधी ठरवावं लागतं. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळात उघड्या कातळावर कोणीही नको. बाबाही नकोत, तुम्हीही नको.

हे इतकं ठामपणे सांगतोय, कारण मी ते चुकवलं होतं. माझ्या वडिलांना घेऊन मी सकाळी अकराला आर्चेसमधल्या डेलिकेट आर्च या दगडी कमानीच्या वाटेला लागलो. जाऊन-येऊन 3 मैल, चढ 480 फूट. आकडे वाचून काहीच वाटत नाही. पण या वाटेवर मध्ये कातळाचा एक लांबलचक उतरता पाट आहे आणि तिथे सावली म्हणून नाही. डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेला दगड. वडील एरवी बोलत बोलत चालणारे. अर्ध्या चढावर ते बोलायचे थांबले, मग म्हणाले, “मला जरा बसू दे.” त्यांच्या अंगावर घामाचा थेंब दिसत नव्हता, त्यामुळे ते ठीक असतील असं मला वाटत राहिलं. इतक्या कोरड्या हवेत घाम येतो तसा उडून जातो, हे तेव्हा लक्षातच आलं नाही. दमट हवेची सवय असलेले आपण इथे हमखास फसतो. मागून आलेल्या एका जोडप्याने त्यांच्यावर छत्री धरली, खारी बिस्किटं दिली, आणि तासाभराने आम्ही हळूहळू खाली उतरलो.

दोन दिवसांनी पहाटे साडेपाचला तीच वाट पुन्हा धरली. कातळ गार होता, वडील माझ्या पुढे होते, आणि शेवटच्या वळणावर ती कमान एकदम समोर आली. बराच वेळ ते तिच्याकडे नुसते पाहत बसले होते.

म्हणून पहिल्या दिवशी बाबांना घेऊन पहाटे डेलिकेट आर्चला जा. पाण्याच्या बाटल्या आदल्या दिवशीच भरून ठेवा, कारण ही वाट सुरू होते तिथे नळ नाही. दिवसाला माणशी 4 लिटर पाणी धरा आणि त्याच्या जोडीला काहीतरी खारट खात राहा. घामातून मीठ जातं, नुसतं पाणी पीत राहिलं तर तेही अंगावर येतं. आईंना या चढावर नेऊ नका. त्यांच्यासाठी संध्याकाळी आर्चेसमधलाच विंडोज नावाचा भाग उत्तम. तिथली डबल आर्च गाडीतळावरूनच दिसते, जवळ जायचं तरी वाट जवळपास सपाट आहे, आणि 112 फूट उंचीची ती कमान या पार्कमधली सर्वात उंच.

मुलीला लँडस्केप आर्च दाखवाच, सकाळी लवकर. ही कमान 306 फूट लांब आहे आणि मध्ये इतकी बारीक की ती उभी कशी हेच कळत नाही. 1991 साली तिच्या खालच्या बाजूने दगडाचा मोठा तुकडा निखळला, तेव्हापासून तिच्याखाली जायला बंदी आहे. याच वाटेवर पुढे वॉल आर्च होती, ती 2008 साली एका रात्रीत कोसळली. या कमानी घडतात कशा, हेही मुलीला सांगा: खूप खोल मिठाचा जाड थर आहे, वरच्या दगडाच्या भाराने ते मीठ सरकलं, वरचा दगड वाकला आणि त्याला समांतर भेगा पडल्या. भेगांमधून दगडाच्या उभ्या भिंती उरल्या. त्यांना पाणी आणि थंडीतला बर्फ पोखरत गेले आणि आरपार भोकं पडली. आठ वर्षांच्या मुलांना हे छान समजतं.

तिच्यावर एक कामही सोपवा. वाटेच्या कडेला काळपट, खडबडीत, कुरकुरीत दिसणारी माती असते. ती जिवंत असते: सूक्ष्म जीव, शेवाळ आणि दगडफुलं मिळून वाळू धरून ठेवतात. एक पाऊल पडलं की भरून यायला कित्येक वर्षं लागतात. फोटोसाठी बाजूला सरकणारी माणसं ती रोज तुडवतात, आणि ते बघवत नाही. कातळावर, वाटेवर किंवा कोरड्या ओढ्याच्या वाळूतच पाय ठेवायचा. मोठ्यांवर नजर ठेवण्याचं काम मुलीला दिलंत, तर कोणीच चुकणार नाही.

दुसरा दिवस कॅनियनलँड्सचा, आयलंड इन द स्काय भाग. मोआबहून गाडीने पाऊण तास. मेसा आर्चला सूर्योदयाला गर्दी असते, तरी जा. वाट छोटी आहे, आईही सावकाश येतील. परतताना डेड हॉर्स पॉइंट. हे राज्याचं पार्क असल्याने तिकीट वेगळं, पण गाडीतून उतरून थोड्याच पावलांवर 2000 फूट खाली कोलोरॅडो नदीचं वळण दिसतं. कड्याला सगळीकडे कठडे नाहीत, तेव्हा मुलीचा हात सोडू नका.

नीडल्स भाग सुंदर आहे, पण यावेळी सोडा. जायलाच दीड तास लागतो. तिसऱ्या दिवशी नदीवर राफ्टिंग करता येईल. जूनमध्ये बर्फ वितळून पाणी वाढलेलं असू शकतं, म्हणून मुलीचं वय सांगूनच बुकिंग करा.

आर्चेसमध्ये 2022 पासून काही हंगामांत वेळ ठरवून प्रवेश देत होते. हा नियम बदलत असतो, निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

दुपारी झोपा, सगळेच. म्हणजे एक रात्र जागता येईल. चंद्र नसेल ती रात्र निवडा आणि दहानंतर विंडोजच्या गाडीतळावर नुसते उभे राहा. टॉर्चला लाल कागद लावा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं द्या. आकाशगंगा शोधावी लागणार नाही.