संगणक-शंका : जून लागला की कॉम्प्युटर विझतो

प्रश्न : मालवणात माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. सहा वर्षांचा डेस्कटॉप जून लागल्यापासून चालता चालता फट्कन बंद होतो. कधी दहा मिनिटांत, कधी दोन तासांनी. एकदोनदा तर सकाळी शटर उघडलं तेव्हा तो आपणहून चालू झालेला होता. एप्रिल-मेमध्ये काही तक्रार नव्हती. दुरुस्तीवाल्याने दोनदा विंडोज नव्याने टाकलं, रॅम खोडरबराने घासली, फरक नाही. आता मदरबोर्ड बदला म्हणतो. बदलू का?

उत्तर : इतक्यात नको. विंडोज किंवा रॅम बिघडली की बहुधा निळा पडदा येतो, कॉम्प्युटर अडकतो नाहीतर पुन्हा सुरू होतो. दिवा विझावा तसा तो विझत असेल, तर कोणीतरी त्याची वीज तोडतंय. ते कोण, एवढंच शोधायचं.

सगळे आधी उष्णतेवर संशय घेतात, पण तुमचं पत्रच त्याच्या विरोधात साक्ष देतं. तापणारा प्रोसेसर मे महिन्यात जास्त छळला असता. शिवाय १०० अंशांच्या आसपास पोचल्यावर तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, काम रखडतं, आणि तेवढ्याने भागलं नाही तरच बंद पडतो. पंखा फिरतोय आणि हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवरचा उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा, हलत नाही एवढं पाहा, नि पुढे चला.

आमचा संशय कॅबिनेटच्या पॉवर बटणावर आहे. हे बटण चार सेकंद दाबून धरलं की मदरबोर्ड काहीही न विचारता वीज तोडतो. बटणामागचा स्विच अगदी साधा असतो. खाऱ्या, दमट हवेत त्याचे पत्रे गंजतात, स्प्रिंग अडकते किंवा ओल धरून दोन टोकं आपसात जुळतात. मदरबोर्डला वाटतं, बटण दाबलंय. बंद पडणं आणि आपणहून चालू होणं, दोन्हींचा उलगडा यातच होतो.

खात्री अशी करा. स्टार्टवर राइट-क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडा. विंडोज लॉग्जमधल्या सिस्टिममध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद शोधा. ही नोंद फक्त ‘नीट शटडाउन न होता बंद पडला’ एवढंच सांगते. तिच्यावरून ‘एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) गेला’ असं कोणी छातीठोक सांगत असेल तर ऐकू नका. पण तिच्या डिटेल्समध्ये ‘पॉवर बटन टाइमस्टॅम्प’समोर शून्याखेरीज आकडा असेल, तर बटण दाबून धरलं गेलं होतं. शून्य असला तरी पुढची चाचणी कराच, फुकटची आहे.

प्लग काढा. मदरबोर्डच्या कडेला पिनांचा छोटा गठ्ठा असतो, तिथे पॉवर स्विच आणि रिसेट स्विच अशा दोन बारीक वायरजोड्या येतात. पॉवरची जोडी उपटा आणि तिच्या पिनांवर रिसेटची बसवा. उलटसुलट बसली तरी चालते. आता रिसेटचं बटण पॉवरचं काम करेल. असे दोन दिवस चालवा. बंद पडला नाही तर दोष सापडला. नवा स्विच मिळेपर्यंत हीच व्यवस्था राहू द्या.

तरीही विझला तर यूपीएस पाहा. आणि एक विचारायचं राहिलं : लेझर प्रिंटर त्याच यूपीएसवर तर नाही ना? ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. प्रिंटरचा रोलर तापताना त्याहून कितीतरी जास्त खेचतो. प्रिंटर थेट भिंतीतल्या सॉकेटवर घ्या. कॉम्प्युटर चालू असताना यूपीएसचा प्लग काढून पाहा. लगेच विझला तर बॅटरी संपली. १२ व्होल्ट, ७ एएचची ती बॅटरी दोन-तीन वर्षंच नीट टिकते.

एसएमपीएस सर्वांत शेवटी. मल्टिमीटर लावला तर त्याच्या पिवळ्या-काळ्या वायरीत ११.४ ते १२.६ आणि लाल-काळ्यात ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. मात्र क्षणभराची पडझड मीटर दाखवत नाही, म्हणून शेजाऱ्याचा चालता एसएमपीएस दोन दिवस लावून पाहणं हीच खरी परीक्षा. जुना स्वतः खोलू नका, प्लग काढल्यावरही आतला वीज साठवून ठेवणारा मोठा कपॅसिटर झटका देतो.

प्रश्न : गुहागरचं घर वर्षभर बंद असतं. गणपतीला आल्यावर तिथला कॉम्प्युटर लगेच चालू करावा का?

उत्तर : नाही. बाजूचं झाकण काढून अर्धा दिवस टेबलफॅनचा वारा द्या. एसएमपीएसच्या जाळीतून बॅटरीच्या उजेडात पाहा. पालीची अंडी किंवा मुंग्यांचं वारूळ दिसलं तर प्लग लावूच नका. तारीख मागची दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ हा ३ व्होल्टचा सेल बदला.